पिक्चर संपला तरी उठायचं नाही

परवा भाच्याचा मेसेज आला, मामा तू एवढे हाँगकाँग, कोरिया, जपानचे पिक्चर बघत असतो, मला सुट्टीत बघायला चांगले चांगले सांग ना. मी टाईप करायला बसलो आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं हे ब्लॉगवरच टाकू, त्यालाही मिळेल आणि तुम्हालाही. कुठल्या पिक्चरला किती स्टार ते त्याला मोबाईलवर दिसतंच, ते मी कशाला सांगू. मी हे पिक्चर का बघतो ते सांगतो, त्यातून नावं आपोआप येतील.

सुरुवात भुसावळची. मी तिसरीत असेन, आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो, आप्पा लोको शेडला फिटर. गणपतीत मंडळवाले एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीपी भाड्याने आणायचे आणि तीन कॅसेट लागायच्या, पहिली देवाची, दुसरी अमिताभची आणि तिसरी मारामारीची. तिसरी लागेपर्यंत रात्रीचा एक वाजलेला, बायाबापड्या घरी गेलेल्या, लहान पोरं सतरंजीवरच झोपलेली. मी जागा होतो. त्या रात्री तिसरी कॅसेट जॅकी चॅनच्या 'पोलीस स्टोरी'ची होती, १९८५चा पिक्चर, आमच्याकडे यायला बरीच वर्षं लागली. भाषा चिनी, खाली इंग्रजी अक्षरं आणि तीही अर्धी कापलेली, कुणाला एक शब्द कळत नव्हता आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

शेवटी तो मॉलमधला सीन आहे. काचाच काचा. माणसं काचेच्या कपाटात जाऊन आदळतायत, सरकत्या जिन्यावरून गडगडत खाली येतायत, आणि मग जॅकी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून मधल्या खांबावर झेप घेतो आणि त्या खांबाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा फोडत फोडत थेट तळमजल्यावर येतो. पुढे कधीतरी वाचलं की त्या शूटिंगमध्ये त्याचे हात खरंच भाजले होते आणि काचा एवढ्या फुटल्या होत्या की युनिटवाले त्या पिक्चरला 'ग्लास स्टोरी'च म्हणायचे. पण त्या रात्री हे काही माहीत नव्हतं. पिक्चर संपला, नावं यायला लागली, लोकं उठून सतरंज्या झटकायला लागले आणि तेवढ्यात नावांच्या बाजूला भलतंच दिसायला लागलं. उडी चुकलीय, माणूस पडलाय, चार जण त्याला उचलतायत, कुणीतरी डोक्याला कापड दाबून धरलंय. आप्पांच्या शेडमधले एक काका, आमच्या शेजारचेच, एकदम ओरडले, "बसा रे पोरेहो, हाई खरं शे!" सगळे परत बसले. अर्धवट झटकलेली सतरंजी तशीच हातात. आवाज नाही कुणाचा.

आप्पा माझ्या बाजूला होते. ते टीव्हीकडे बघत होते आणि एका हाताच्या अंगठ्याने दुसऱ्या हाताचा तळवा चोळत होते, तिथे त्यांना शेडमध्ये भाजलेलं होतं, जुना डाग. ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला, पिक्चर संपला तरी उठायचं नाही, नावं संपेपर्यंत बसायचं. आजही मी थिएटरला लाईट लागल्यावर बसून राहतो, मागून झाडूवाला येतो तेव्हा उठतो.

ती चुकलेली दृश्यं शेवटी दाखवायची कल्पना जॅकीने 'कॅननबॉल रन' या अमेरिकन पिक्चरवरून घेतली, त्यात त्याने लहानसं काम केलं होतं. तिकडे ती गंमत होती, नट डायलॉग विसरतात आणि हसतात. ह्याने तिथे रक्त दाखवलं. हा केवढा फरक आहे बघा. 'हे कॅमेऱ्याने केलं नाही, आम्ही केलंय' एवढंच त्याला सांगायचं होतं असं मला वाटतं, आणि मला आशियातल्या पिक्चरांचं जे वेड लागलं ते ह्याच एका गोष्टीने. मेहनत दिसते. लपवत नाहीत.

आता '३६ चेंबर ऑफ शाओलिन'. १९७८, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा, दिग्दर्शक लाऊ कार लुंग, हिरो गॉर्डन लिऊ. हा मी पहिल्यांदा अमळनेरला मामांच्या घरी बघितला, केबलवाला रात्री काहीही लावायचा त्यात एकदा हा लागला. मामा म्हणजे तालमीतला माणूस, ऐन उमेदीत पंचक्रोशीतल्या यात्रांच्या कुस्तीच्या दंगली मारलेला, कान फुटलेले. त्यांना पिक्चरचं काही नाही, टीव्ही म्हणजे बातम्या. पण त्या रात्री ते दारात उभे राहिले ते तिथेच. पिक्चरमध्ये एक पोरगा मंदिरात कुंगफू शिकायला येतो आणि त्याला कुणी कुंगफू शिकवतच नाही, पाणी भरायला लावतात. दोन्ही हातात बादल्या आणि हात सरळ आडवे धरायचे, दंडांना आतल्या बाजूने सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आला की सुरी बरगडीत. जेवायला जायचं तर वाटेत पाणी आणि पाण्यात तरंगते ओंडके, त्यावरून पाय न घसरता पलीकडे गेलास तर जेवण. पडलास तर ओला हो. पिक्चरचा मधला अख्खा भाग हाच आहे, मारामारी नाही, नुसती शिकवणी, एकामागून एक दालन.

मामा म्हणाले, "हे बरोब्बर दाखवलंय." मग त्यांनी त्यांच्या वस्तादांचं सांगितलं, पहिलं वर्षभर कुस्ती नाहीच, आखाड्याची माती खोदायची, त्यात हळद, तेल, ताक घालून ती मळायची, विहिरीचं पाणी ओढायचं, जोर आणि बैठका. मामा तेव्हा चिडायचे. वर्षाने पहिल्यांदा एका पोराचा हात धरला तेव्हा समजलं की पकड कुठून आली.

आणि ह्या पिक्चरवाल्यांची खरोखरच वस्तादांची परंपरा आहे हे मला नंतर कळलं. लाऊ कार लुंगचे वडील लाम साई विंगचे शिष्य आणि लाम साई विंग हे वाँग फेई हुंगचे शिष्य. हा वाँग फेई हुंग म्हणजे चीनमधला खराखुरा माणूस, वैद्य आणि कुंगफूचा उस्ताद, त्याच्यावर पिक्चर किती निघाले त्याला गणती नाही. जॅकीचा 'ड्रंकन मास्टर', तोही १९७८चाच, त्यातला वात्रट पोरगा म्हणजे तरुणपणीचा वाँग फेई हुंगच. त्याचा दिग्दर्शक युएन वू पिंग, आणि त्यातला तो दारुड्या म्हातारा गुरू म्हणजे दिग्दर्शकाचे वडील. पुढे हाच युएन वू पिंग 'मॅट्रिक्स'च्या आणि 'क्राउचिंग टायगर'च्या मारामाऱ्या बसवायला गेला. सगळं घरातलं, बापाकडून पोराकडे.

ह्याच ओघात 'कुंगफू हसल' सांगतो कारण कॉमेडी म्हटलं की माझ्याकडे पहिलं नाव हेच, २००४, स्टीफन चाऊचा. एक गरिबांची चाळ आहे, नळाला पाणी नाही, घरमालकीण केसाला रोलर लावून तोंडात सिगारेट धरून अख्ख्या चाळीला शिव्या घालते. आणि मग कळतं की चाळीतला शिंपी, हमाल, नाष्टा विकणारा, हे एकेक जण मोठे उस्ताद आहेत आणि सगळं सोडून इथे गपचूप राहतायत. तो लुंग्यासुंग्या दिसणारा घरमालक आहे ना, तो नट म्हणजे युएन वाह. ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ज्या कोलांट्या ब्रूस ली मारतो असं आपल्याला वाटतं त्या ह्याने मारल्यात, तो त्याचा डबल होता. घरमालकीण युएन चिऊ पण त्याच चिनी ऑपेरा शाळेतली (गाणं, अभिनय, कोलांट्या सगळं शिकवणारी) जिथे जॅकी चॅन शिकला, लहानपणी पोरांना करारावर आणून ठेवायचे आणि पहाटेपासून मार खात शिकवायचे. एकेकाळी जो माणूस दुसऱ्याच्या नावावर उड्या मारत होता त्याला चाऊने असा कॅमेऱ्यासमोर उभा केला की त्याचं तोंड सगळ्यांना दिसावं. मी तो पिक्चर हसत हसत बघतो, पण हे माहीत झाल्यापासून घरमालक पहिल्यांदा हात उचलतो तिथे माझ्या घशात काहीतरी येतं.

मारामारीच्या बाबतीत अजून दोन नावं घे आणि मग पुढे जाऊ. थायलंडचा 'ओंग बाक', २००३, टोनी जा. तारा नाहीत, कॉम्प्युटर नाही, जे आहे ते गुडघे आणि कोपरं. गोष्ट काय तर गावातल्या बुद्धमूर्तीचं डोकं चोरीला जातं आणि गावातला एक पोरगा ते आणायला शहरात जातो. लोक म्हणतात गोष्ट साधी आहे. आपल्याकडे खानदेशात कानबाई देवीचं नारळ पिढ्यानपिढ्या एका घरात जपलेलं असतं, श्रावणात तिची स्थापना होते तेव्हा पुण्या-सुरतेला गेलेली पोरंही घरी येतात. ते नारळ कुणी उचलून नेलं तर? मला ती गोष्ट साधी नाही वाटत. दुसरा इंडोनेशियाचा 'द रेड', २०११. जकार्तामधली एक बिल्डिंग, खाली पोलीस, वरच्या मजल्यावर गुंडांचा मालक, मजला मजला चढत जायचं, बास. हिरो इको उवैस पिक्चरमध्ये येण्याआधी एका टेलिकॉम कंपनीत गाडी चालवायचा. जेवताना बघू नको.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन समुराई' मुद्दाम वेगळा सांगतो. १९५४चा, ब्लॅक अँड व्हाईट, २०७ मिनिटं, म्हणजे जवळपास साडेतीन तास, तेवढं ऐकूनच पोरं पळतात. नको पळू. तो शेतकऱ्यांचा पिक्चर आहे. दरोडेखोर पीक तयार झालं की लुटायला येणार म्हणून गाव समुराई भाड्याने आणतं, आणि द्यायला पैसे नाहीत तर पोटाला भात देतं. समुराईंना भात आणि गावकरी स्वतः मात्र भरड धान्य खातात. ते कळतं तेव्हा समुराई आपल्या ताटातला भात बघतो. पाहुण्याला पोळी आणि घरच्यांना कळण्याची भाकर हे ज्याने आजीच्या घरी बघितलंय त्याला ते ताट समजावून सांगायला लागत नाही. शेवटची लढाई चिखलात, धो धो पावसात आहे आणि ती शूट केली ऐन थंडीत, फेब्रुवारीत. नटांचं ते थरथरणं बघ.

आता भुताचे. २००४ला जळगावला रूम करून राहत होतो, चौघं जण. मित्राने सीडी आणली 'रिंगू'ची, जपानी, १९९८चा, हिदेओ नाकाताचा. एक व्हिडिओ कॅसेट आहे, ती बघितली की सात दिवसांनी मरण. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की लाईट कधी जाईल आणि कधी येईल ह्याचा नेम नाही. पिक्चर संपायच्या जरा आधी लाईट गेली. आम्ही अंधारात पडलो, शेवट माहीत नाही, गरमी, डास, कुणालाच झोप नाही. रात्री दोनला लाईट आली आणि बटण चालूच राहिलं होतं म्हणून टीव्ही आपोआप लागला, नुसत्या मुंग्या आणि खर्रर्र आवाज, अख्खी खोली पांढरी. चौघांपैकी कुणीही उठून तो बंद केला नाही. सकाळपर्यंत तसाच चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात शेवट बघितला आणि ती सादाको टीव्हीतून बाहेर येते ते बघून आम्ही परत चौघंही गप्प.

तिची ती चाल, सांधे उलटे वळल्यासारखी, ती कशी केली माहितीय? ती नटी काबुकी म्हणजे जपानी नाटक शिकलेली, तिला उलटं चालायला लावलं आणि ती फिल्म उलटी फिरवली. झालं. त्यामुळे ती पुढे येते पण तिच्या अंगात पुढे येणं नसतं, तिचं शरीर मागे जात असतं, आणि आपल्या डोळ्याला ते कळतं पण शब्दात सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर लाखो खर्चून जे जमत नाही ते एका बाईने उलटं चालून केलं. भीती पण मेहनतीचीच.

कोरियाचा 'द वेलिंग', २०१६, हा वरच्या कशात बसत नाही तरी सांगतो. डोंगरातलं गाव, रोगराई, माणसं वेडी होऊन घरच्यांना मारतायत, आणि गावाबाहेर राहणाऱ्या एका परक्या म्हाताऱ्यावर सगळ्यांचा संशय. एका पोलीसाची लहान मुलगी आजारी पडते आणि तो मांत्रिक बोलावतो. त्यातला विधीचा सीन, ढोल वाजतायत, मांत्रिक नाचतोय, इकडे पोरगी तडफडतेय, आणि आपल्याला कळेनासं होतं की हा कुणाला वाचवतोय. मी हा बघितला आणि मला सातपुडा आठवला. आपल्या नंदुरबारकडच्या पाड्यांवर गावात कुणी दगावलं की एखाद्या बाईला डाकीण ठरवायचं, भगताने बोट दाखवायचं आणि बाकीच्यांनी मारायचं, हे घडलेलं आहे, त्यासाठी जादूटोणा विरोधी कायदा २०१३ला आला तरी संशय कायद्याने जात नाही. पिक्चर संपेपर्यंत आपणही कुणाला तरी दोषी ठरवून बसलेलो असतो. मी दोन दिवस नीट झोपलो नाही आणि कारण भूत नव्हतं.

आप्पांबरोबर बघितलेला शेवटचा भुताचा पिक्चर म्हणजे 'ट्रेन टू बुसान', हाही २०१६चाच. त्यांना सांगितलं रेल्वेचा आहे, एवढ्यावर ते बसले. सोलहून बुसानला जाणारी फास्ट गाडी, एक बाप आणि त्याची लहान मुलगी, आणि गाडीत रोग पसरतो, ज्याला रोगी चावला तो झोंबी, म्हणजे चालतं मढं. त्या झोंबींच्या वेड्यावाकड्या हालचाली बसवायलाही नाचाचा कोरिओग्राफर होता. सगळे तो जाड्या दणकट माणूस आणि त्याची गरोदर बायको ह्यांच्यात गुंततात, मीही गुंतलो. आप्पांचं लक्ष ड्रायव्हरवर. पुढे रूळ बंद असतो, ड्रायव्हर उतरतो, यार्डात जीव मुठीत धरून दुसरं इंजिन शोधतो आणि सुरू करून आणतो, कारण मागे पॅसेंजर आहेत. आणि एका स्वार्थी माणसाला मदत करायला जातो आणि मरतो. आप्पांनी मला थांबव म्हटलं. रिमोटने थांबवलं. जरा वेळाने म्हणाले, "त्याने गाडी सोडली नाही." एवढंच. परत लाव म्हणाले. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती त्यांना. शेवटी सगळी नावं संपेपर्यंत बसले, कोरियन अक्षरं, एक वाचता येत नव्हतं.

'पॅरासाईट' बघच, ऑस्कर मिळालाय म्हणून नाही, त्यातल्या पावसासाठी. 'एक्स्ट्रीम जॉब' आईबरोबर बघ, पोलीस लोक पाळत ठेवायला चिकनचं दुकान टाकतात आणि दुकान धो धो चालायला लागतं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. 'वन कट ऑफ द डेड', जपानी, २०१७, शिनिचिरो उएदाचा. साधारण ३० लाख येनमध्ये बनवलेला, नट कुणीच नावाजलेले नाहीत, अभिनयाच्या वर्कशॉपमधली माणसं. टोकियोत छोट्या दोन थिएटरला लागला आणि लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो एवढा पसरला की ३०० कोटी येनच्या वर गेला. सुरुवातीची ३७ मिनिटं एकच शॉट, कुठे कट नाही, झोंबीचा पिक्चर शूट करणाऱ्या लोकांवर खरे झोंबी येतात. आणि खरं सांगतो ती ३७ मिनिटं गचाळ वाटतात. नट मध्येच थांबतात, कॅमेरा कुठेतरी भलतीकडेच बघत बसतो, एकजण उगाच काहीतरी बडबडतो. बंद करावंसं वाटतं. करू नको. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, मारून टाकलंस तरी सांगणार नाही.

फक्त एवढं सांगतो की मला तो बघताना मालेगाव आठवलं, आपल्या खानदेशच्या उंबऱ्यावरचं. यंत्रमागाच्या गावात नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता स्वतःचे पिक्चर काढले, 'मालेगाव के शोले', 'मालेगाव का सुपरमॅन', त्यावर फैझा अहमद खानने केलेली डॉक्युमेंटरी आहे. त्यात क्रेन नाही म्हणून बैलगाडीला क्रेन करून त्यावरून कॅमेरा वर नेतात. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, आजारी, आणि तरी अंगात निळे कपडे घालून लटकतोय. 'वन कट'चा शेवटचा शॉट बघशील तेव्हा तुला कळेल मी बैलगाडीचं का बोललो.

गेल्या थंडीत मामांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या झाल्या, आणि भिंतीवर मामांचं धोतर ताणून प्रोजेक्टरवर मी हाच लावला. वीसेक माणसं होती, जपानी कुणाला येत नाही, इंग्रजी दोघातिघांना, म्हणून मी मागे खाटेवर बसून अहिराणीत सांगत होतो, कोण काय बोललं. पंधरा मिनिटात कुजबुज सुरू. मामांचं आता वय झालंय, गुडघे गेलेत, ते खुर्चीवरून वळून म्हणाले, "हाई काय लायेल शे रे तू?" दोघं तिघं शेकोटीकडे गेले. मी म्हटलं मामा, माझ्यासाठी बसा. बसले.

तासाभराने मला सांगायची गरजच उरली नव्हती. शेकोटीवरचे परत आले होते, मामी स्वयंपाकाचे हात तसेच घेऊन उभी होती, माणसं एकमेकांना ढोसून दाखवत होती, अरे म्हणून तो तिथे थांबला होता, अरे म्हणून ती तशी ओरडली! शेवटच्या शॉटला तर आमचा सालदार खाटेवरून उठून भिंतीकडे धावला, जणू तिकडे हात लावायला माणूस कमी पडतोय. नावं यायला लागली. कुणी उठलं नाही. मामा धोतरावरच्या त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे बघत होते, मग म्हणाले, "आते परत लाव, पहिलेपाईन."

अकरा वाजून गेले होते, दव पडायला लागलं होतं. परत लावला. कॅमेरा त्याच जागी भलतीकडे बघायला लागला आणि ह्या वेळी त्याच्या आधीच अख्खा मळा हसला.